नेत्याच्या डोक्यावर कुणाचं देणं आहे?

वडील गेल्यावर गावाकडच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर आईचं नाव लावायचं होतं. वारस नोंद. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात हिशेब सांभाळते, त्यामुळे कागदपत्रांचा मला धसका नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, जुना उतारा, आधारच्या प्रती, सगळं एका फाईलला लावून कचेरीत घेऊन गेले. तिथल्या माणसानं एकेक कागद नीट पाहिला, फाईल बंद केली, माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाला, "ताई, कागद बरोबर आहेत. बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक दादा बसतात, त्यांना तेवढं भेटून घ्या."

दादांनी आकडा सांगितला. मी विचारलं, एवढे कशाचे? ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, यातले माझ्याकडे किती राहतात असं वाटतं तुम्हाला? हे वरपर्यंत जातात."

'वरपर्यंत' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो आणि मान हलवून पुढे जातो. मला तो घरी येईपर्यंत सोडेना. हिशेबाच्या वहीत प्रत्येक जमेसमोर कुठेतरी नावे टाकलेलं असतं. खिडकीवरून निघालेला पैसा वर जात असेल, तर वर कुणाच्या तरी डोक्यावर देणं आहे आणि ते फेडायला तो निघालाय. हे देणं कुणाचं, कुणाला, कशापोटी, असं विचारत गेलं की माणूस तालुक्याच्या कचेरीतून थेट दिल्लीच्या नेतृत्वापर्यंत पोहोचतो. या लेखात तीच वाट धरली आहे.

भ्रष्टाचाराची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा स्वभावावर येऊन थांबते. अमका हावरट, तमका देवमाणूस. पण एक गोष्ट बघा. पूर्वी सातबाऱ्याचा साधा उतारा काढायलाही तलाठ्याच्या मागे चार चकरा व्हायच्या आणि चहापाणी द्यावं लागायचं. आज डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपयांत घरी बसून निघतो. जमीन तीच, कचेरी तीच, माणसंही तीच. उताऱ्याची लाच संपली, नोंदीची राहिली. माणसांचा स्वभाव बदलला असता तर दोन्ही संपल्या असत्या.

फरक कशानं पडला? उतारा आता एकाच माणसाच्या हातात राहिला नाही आणि तो द्यायचा की नाही हे ठरवायची मुभाही कुणाला राहिली नाही. नोंदीचं तसं नाही. ती एकाच दारात होते, कधी करायची हे त्या दारातला माणूस ठरवतो आणि उशीर झाला म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही. रॉबर्ट क्लिटगार्ड या अर्थतज्ज्ञांनी हेच सूत्रात मांडलंय: मक्तेदारी अधिक मर्जी, वजा जबाबदारी, म्हणजे भ्रष्टाचार. हे सूत्र हाताशी असलं की पुढचं सगळं उलगडतं, कारण गावच्या नोंदीला जे लागू पडतं तेच मंत्र्याच्या सहीला आणि पक्षाच्या देणगीलाही लागू पडतं.

खुर्चीचा भाव

खिडकीवरचा माणूस आपल्या मर्जीवर असतो, तसा तो स्वतःही कुणाच्या तरी मर्जीवर असतो. त्याची दुखरी नस बदली. मुलांची शाळा, आईवडिलांचं औषधपाणी, बायकोची नोकरी, सगळं एका बदलीच्या आदेशानं विस्कटतं. म्हणून 'मलईच्या' जागेला भाव आणि आडगावच्या जागेची धमकी, हे दोन्ही एकाच हातात असतात.

यावर कायदा आहे. महाराष्ट्रानं २००५ मध्ये बदल्यांचं नियमन करणारा अधिनियम केला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षं, आणि हे अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्यांनाही लागू. त्याच कायद्यात एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असंही म्हटलंय. पण विशेष कारण लेखी नोंदवून मुदतीआधी बदली करायची मुभाही त्यात ठेवली आहे. अपवादाच्या या फटीतून कायद्याचा जीव जातो.

नाशिककरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. करवाढीवरून लोक नाराज होते, अविश्वास ठरावाची तयारी झाली होती, त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल घराघरात दोन मतं होती. आमच्या घरातही होती. ते बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवा. कायदा तीन वर्षं म्हणतो आणि माणूस नऊ महिन्यांत जातो, हे पाहून त्याच इमारतीतल्या शेकडो कर्मचाऱ्यांनी काय शिकायचं? त्यांनी एवढंच शिकलं असणार की नियमाच्या आधारानं उभं राहता येत नाही, कुणाच्या तरी आधारानंच उभं राहावं लागतं.

बाराशे माणसांचं जेवण

ज्यांच्या हातात बदली असते त्यांच्याकडे पैसा का जावा लागतो? इथे थोडं गणित करू, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर आकड्यांत आहे.

विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत. नाशिक जिल्ह्यातला कुठलाही एक विधानसभा मतदारसंघ घ्या आणि हिशेबापुरती ३०० मतदान केंद्रं धरा. प्रत्येक केंद्रासाठी चार कार्यकर्ते म्हणजे १,२०० माणसं. एकेकाला दोन वेळचं जेवण, चहा आणि गाडीचं पेट्रोल मिळून दिवसाला ५०० रुपये धरा. दिवसाचे सहा लाख झाले. पंधरा दिवसांचे ९० लाख. अजून एक फलक लागलेला नाही, एक सभा झालेली नाही, मतदाराच्या हातात पाकीट गेलेलं नाही, आणि मर्यादा दुपटीनं ओलांडली गेली. पुढे निवडणूक आयोगाला जो हिशेब सादर होतो तो मात्र मर्यादेत बसलेला असतो. म्हणजे लोकप्रतिनिधी म्हणून माणसाची पहिली अधिकृत सही ज्या कागदावर होते, त्यावर खोटं लिहिण्याची वेळ आपण त्याच्यावर आणतो.

यात आपला वाटाही आहे, तो लपवून उपयोग नाही. पाकीट देणारा गुन्हेगार आहे तसा घेणाराही. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत कोण कुठल्या बाजूनं येऊन गेलं, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं.

हे पैसे आणतो कोण? पगारातून आणि वर्गणीतून एवढं उभं राहत नाही. ते पुढच्या पाच वर्षांत ज्यांना टेंडर, परवाना, बिनशेतीचा आदेश किंवा जमिनीवरचं एखादं आरक्षण उठवून हवं असतं, त्यांच्याकडून येतात. व्यापारात याला आगाऊ रक्कम म्हणतात. निवडून आलेला माणूस पहिल्या दिवशी सभागृहात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या वहीत हे देणं आधीच चढलेलं असतं.

आता ते फिटतं कसं ते एका रस्त्यावर बघू. समजा एक कोटीच्या अंदाजपत्रकाचं डांबरीकरण आहे. या कोटीत ठेकेदाराचा साधारण दहा टक्के नफा धरलेला असतो, म्हणजे रस्त्याला खरा खर्च नव्वद लाखांच्या घरात. जीएसटी वगैरे बाजूला ठेवू. ठेकेदारानं काम मिळवायला १५ टक्के 'बिलो', म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराचं टेंडर भरलं, ते ८५ लाखांना गेलं. त्यातून समजा वीस टक्के खालपासून वरपर्यंतच्या वाटपात गेले, म्हणजे १७ लाख. स्वतःचे दहा टक्के, साडेआठ लाख, त्यानं बाजूला काढले. उरले साडेएकोणसाठ लाख. नव्वद लाखांचा रस्ता आता साठ लाखांत करायचा आहे. खडी आणि डांबराचा बाजारभाव कुणासाठी कमी होत नाही. मग कमी होतो तो थर. अंदाजपत्रकात ५० मिलिमीटर लिहिलेलं असतं, जागेवर ३० पडतं. रोलरच्या फेऱ्या कमी होतात. डांबराची टक्केवारी खाली येते. आणि कनिष्ठ अभियंत्याच्या मेजरमेंट बुकात, म्हणजे मोजमापाच्या वहीत, जिला सगळे 'एमबी' म्हणतात, ५० च लिहिलं जातं, कारण बिल एमबीवर निघतं, रस्त्यावर निघत नाही.

पहिल्या आषाढसरीत त्या रस्त्यावरची खडी सुटून कडेला जमा होते. आमच्या कॉलनीच्या वळणावर दरवर्षी जुलैत तिचा ढीग होतो आणि दुचाकी तिथेच घसरतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकू तिथे पडल्या, मनगट मोडलं. खड्डे बुजवायचं काम पुढे वेगळ्या टेंडरनं निघतं. करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, त्या काळात दुरुस्ती ठेकेदारानं फुकट करायची असते, पण ते त्याला सांगणार कोण? सांगायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते सगळे वाटपाच्या यादीत आहेत.

ठेकेदाराचीही एक बाजू आहे. त्याचं बिल सहासहा महिने अडकतं, तो व्याजानं पैसे काढतो, आणि बिल सुटावं म्हणून पुन्हा टेबलाटेबलावर 'वजन' ठेवतो. सरळ काम करू पाहणारा ठेकेदार या गणितात टिकत नाही, पहिल्या दोन कामांतच बाजूला होतो. मला यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं. भ्रष्टाचार पैसा खातो, पण त्याआधी तो चांगल्या माणसाला त्या धंद्यातून, त्या खात्यातून आणि त्या पक्षातून बाहेर काढतो.

दिल्लीतली वही

उमेदवाराला निदान कागदावर मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला कायद्यात मर्यादाच नाही. म्हणून खालचं गणित वर गेल्यावर लाखांचं कोटींत जातं.

२०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. कंपनीनं किंवा व्यक्तीनं स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षानं वटवायचा. कुणी कुणाला दिला हे मतदाराला कळायचं नाही. पूर्वी कंपनीला आपल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत होती, ती अट २०१७ मध्येच काढून टाकली होती. म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकत होती. माझ्यासारख्या हिशेबनिसाला यात फार विचार करावा लागत नाही: तोट्यातला माणूस दान देत नाही, तो काहीतरी विकत घेतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १५ फेब्रुवारी २०२४ ला ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षांना पैसा कोण देतो हे जाणून घेणं मतदाराचा अधिकार आहे आणि देणगीच्या बदल्यात धोरण मिळण्याची शक्यता नजरेआड करता येत नाही, हे त्या निकालाचं सार. तोवर रोख्यांतून १६ हजार कोटींहून जास्त रुपये पक्षांकडे गेले होते. यात एकच पक्ष नव्हता. केंद्रात आणि राज्यांत सत्तेवर असलेले वेगवेगळे पक्ष रांगेत होते.

नेतृत्व कमकुवत असणं म्हणजे काय, ते मला इथे कळतं. कमकुवत नेता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हळू बोलणारा, अडखळणारा माणूस येतो. खणखणीत भाषण करणारा आपोआप कणखर ठरतो. ही मोजपट्टी आपण टाकून द्यायला हवी. ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्याला 'नाही' म्हणता येत नाही. देणगीदाराला नाही, जातीच्या ठेकेदाराला नाही, गट घेऊन पलीकडे जाण्याची धमकी देणाऱ्या आमदाराला नाही. तो आवाज कितीही चढवू दे, तो दुबळाच. जो स्वतःला जाब विचारणाऱ्या संस्था उभ्या राहू देतो तो बळकट.

असं पूर्वी घडलेलं आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले. लोकसभेत तो विषय डिसेंबरमध्ये काढला फिरोज गांधींनी. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली, तीही उघड, लोकांसमोर. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. प्रश्न विचारल्यापासून राजीनाम्यापर्यंत दोन महिने.

आज सत्ताधारी बाकावरचा खासदार असा प्रश्न विचारेल का? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्याचं सदस्यत्व जातं. नुसता प्रश्न विचारायला तो कायदा आड येत नाही, पण पुढचं तिकीट कोण देणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. एकट्यादुकट्याच्या सदसद्विवेकाला या कायद्यानं बांधून ठेवलं आणि घाऊक पक्षांतर मात्र सुटलं. महाराष्ट्रानं जून २०२२ मध्ये शिवसेनेची फूट पाहिली. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी द्यायचा असतो, तो आला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षानं, आणि दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र ठरलं नाही. तोवर सरकार चाललं, निर्णय झाले, टेंडरं निघाली. आपण दिलेल्या मताचं काय झालं, हा प्रश्न दीड वर्ष फायलीत होता.

संस्था बंद पाडायला कायदा रद्द करावा लागत नाही, खुर्ची रिकामी ठेवली की भागतं. दिल्लीत उपोषणं झाली, देश ढवळून निघाला, लोकपालाचा कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षं कायदा होता, लोकपाल नव्हता.

हेच आपल्या घरी घडलं. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक मुदत संपण्याआधी घ्यावी असं राज्यघटनाच सांगते. पण आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे बदल, तारखांवर तारखा यांत मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. जवळपास चार वर्षं महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकाकडे होते. सिंहस्थ तोंडावर आलेला, कोट्यवधींच्या कामांचं नियोजन चाललेलं, आणि सभागृहात उठून 'हे टेंडर असं का?' म्हणायला एकही नगरसेवक नाही. नगरसेवक काय कमी खातात, असं यावर मला अनेकजण म्हणाले. खात असतीलही. पण त्याच सभागृहात विरोधी बाकही असतो, पत्रकारांचा कट्टाही असतो आणि इतिवृत्तही लिहिलं जातं. क्लिटगार्डच्या सूत्रात वजाबाकी करणारी जी एक गोष्ट होती, जबाबदारी, तीच या चार वर्षांत गायब होती.

कांद्याचंही थोडं बोलते, कारण लासलगावला राहणाऱ्याला दिल्ली कशी चालते हे वर्तमानपत्रातून शिकावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला सरसकट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठली, सप्टेंबरमध्ये शुल्क अर्ध्यावर आलं, एप्रिल २०२५ मध्ये शून्य. एकेका अधिसूचनेनं कांदाचाळीतल्या मालाचा भाव रात्रीत बदलतो. यात कुणी लाच घेतली असं मी म्हणत नाही. पण ज्या निर्णयाची आधी चर्चा नाही आणि ज्याचं कारण शेतकऱ्याला कुणी समजावून सांगत नाही, तो मर्जीचाच निर्णय. पुढच्या निवडणुकीच्या धाकानं महिन्यामहिन्याला फिरणारं धोरण हे दुबळ्या नेतृत्वाचं लक्षण आहे, ते राबवणारा कितीही ठामपणे बोलो.

नाशिकनं नेतृत्वाचं दुसरं रूपही पाहिलंय. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. आणि ज्यांनी २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, त्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणातलं. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि या वाक्याच्या नेमकं उलट वागतो. नेत्याच्या वहीतलं देणं विचारणाऱ्याला आपणच गप्प बसवतो.

सापळा आणि त्याच्या पुढे

मग कायदा काय करतो? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या नाशिक परिक्षेत्रात पाच जिल्हे येतात: नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार. टोल फ्री क्रमांक १०६४. तक्रार आली की आधी पंचासमोर पडताळणी होते, म्हणजे पैसे खरोखर मागितले का हे ऐकलं जातं. मग नोटांना पावडर लावतात. अँथ्रासीन असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटं निळसर चमकतात. फिनॉल्फ्थॅलिन असेल तर सोड्याच्या पाण्यात हात बुडवताच पाणी गुलाबी होतं. 'लाच घेताना रंगेहाथ' ही बातमी आपण सकाळी वाचतो, त्यामागे हे असतं.

पण सापळ्यात सापडतो तो नोटा हातात घेणारा. टक्केवारी रोख हातात घेतली जात नाही, आणि बदलीच्या आदेशाला पावडर लावता येत नाही. मोठ्या निर्णयांची चौकशी सुरू करायलाच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, कलम १७अ. पुढे खटला भरायला कलम १९ ची परवानगी वेगळी, तिला तीन महिने, फार तर आणखी एक. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण हवं हे मला पटतं. निर्णय घ्यायला घाबरणारा अधिकारीही लोकांच्या कामाचा नाही. पण ज्याची चौकशी व्हायची त्याच्याच सरकारनं दार उघडायचं, ही रचना जिथे पैसा मोठा तिथे दार बंद ठेवते. त्यातून खटला वर्षानुवर्षं चालतो, साक्षीदार थकतात, काही फितूर होतात. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निदान एवढं सांगितलं की तक्रारदार मेला किंवा उलटला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध करता येते.

त्याच २०१८ च्या दुरुस्तीतली एक गोष्ट सामान्य माणसाला माहीतच नसते. लाच देणं हाही आता गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली पाहिजे. आधी विभागाला कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर मात्र संरक्षण आहे.

लोकांच्या हातात जी दोन-तीन साधनं आहेत त्यांतलं मला सगळ्यात खणखणीत वाटतं ते माहिती अधिकाराचं. अर्ज १० रुपयांचा, उत्तर ३० दिवसांत. 'माझ्या भागात भ्रष्टाचार का होतो' असं विचारून काही हाती लागत नाही. अमुक रस्त्याच्या कामाची मेजरमेंट बुकाची प्रत, कार्यारंभ आदेश, दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो आणि गुणवत्ता चाचणीचा अहवाल, एवढ्या चारच गोष्टी मागा. आमच्या कॉलनीतल्या दोन निवृत्त काकांनी त्या वळणाच्या रस्त्याचं एमबी काढलं, उखडलेल्या कडेला स्टीलची पट्टी लावली आणि फोटो काढून अर्जाला जोडला. दोषदायित्व संपायला चार महिने बाकी होते. ठेकेदाराला नोटीस गेली आणि ते वळण त्याच्या खर्चानं पुन्हा झालं. शहरात असे किती रस्ते आहेत आणि असे काका किती, हा वेगळा हिशेब.

दुसरं साधन लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवेला मुदत असते, ती चुकली की अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. यासाठी एकच गोष्ट लागते, अर्जाची पोच. खिडकीवर पोच का टाळतात ते यावरून कळेल.

मी त्या दादांना पैसे दिले नाहीत, पण १०६४ ला फोनही केला नाही. मामा म्हणाले, तू शहरात निघून जाशील, आम्हाला त्याच गावात राहायचंय, उद्या बांधाची मोजणी निघाली तर त्याच दारात जावं लागेल. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. मी पोच मिळेपर्यंत तिथून हलले नाही, तेवढंच केलं. हरकतीची नोटीस पंधरा दिवसांची असते, ती महिनाभरानं लागली. मग एक कागद कमी निघाला, जो पहिल्या दिवसापासून फायलीत होता. मग माहिती अधिकाराचा अर्ज, मग पहिलं अपील. अपिलाची तारीख लागली त्या आठवड्यात फेरफार, म्हणजे ती वारस नोंद, मंजूर झाला. पाच महिने.

आईनं उतारा हातात घेतला आणि आपल्या नावावरून दोनदा बोट फिरवलं. मग विचारलं, "किती द्यावे लागले?"

"काही नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "सोसायटीचं पीककर्ज मात्र गेलं गं या हंगामाचं. नावच नव्हतं ना उताऱ्यावर. सावकाराकडून काढले मी, तुला बोलले नाही."